शिंक, भोंगा आणि वकारभाईंची गिटार

"विदर्भात गुन्हे कमी का होतात, सांग," खुशालराव मोहोड म्हणाले.

नितेशने मोबाइलच्या पोटातून एक बारीकसा स्क्रू काढला, बशीत ठेवला आणि म्हणाला, "उन्हामुळे?"

"चूक. माझ्यामुळे. माणसाच्या मनात गुन्हा येतो, त्याच क्षणी त्याला माझा चेहरा आठवतो आणि तो घरी जाऊन झोपतो. निसर्गाने घारीला डोळे दिले, कुत्र्याला नाक दिलं, सशाला कान दिले. मला तिन्ही दिली. आणि बक्षीस म्हणून वर ही मिशी दिली."

नितेशने मान वर करून खात्री केली. कान होते. नाक तर होतंच. डोळ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मिशी मात्र खरोखरच जबरदस्त होती.

खुशालराव एसटीतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी चेहरे बघून विनातिकीट प्रवासी ओळखण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना अख्खं जगच विनातिकीट दिसायला लागलं. अमरावतीला राजापेठेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत त्यांनी 'मोहोड गुप्तहेर केंद्र' उघडलं. खाली गिरणी सुरू झाली की वर खोली थरथरायची आणि आलेल्या माणसाला वाटायचं, आपलं प्रकरण फारच गंभीर दिसतंय. शिवाय खोलीत सगळीकडे पिठाचा थर. कोणीही कशालाही हात लावला की ठसे आपोआप उमटत. खुशालराव याला वैज्ञानिक सोय म्हणत. आजवर त्यांना त्यात फक्त स्वतःचे ठसे सापडले होते.

नितेश त्यांचा साळा. गिरणीशेजारी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो काम घेऊन वर येई आणि सहायक गुप्तहेर होई. ही नेमणूक त्याने मागितली नव्हती. "तुह्या भाऊजीले एकटं सोडू नको रे बाप्पा," असं त्याच्या बहिणीने, बेबीताईने, त्याच्याकडून वचनच घेतलं होतं. ती बडनेऱ्याच्या शाळेत गणित शिकवायची. वर्गातली पोरं सांभाळून पुन्हा नवरा सांभाळणं तिला जमणारं नव्हतं.

तर त्या एप्रिलमधल्या सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि देवमन तायडे आत आले. चांदूर रेल्वेचे निवृत्त पोस्टमास्तर. पांढरा शर्ट, छातीशी एक पिशवी, आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणावं तसं त्यांनी ते टेबलावर ठेवलं. टॉवेल उलगडला. आत कॅसेट होती.

"माणूस हरवला?" खुशालरावांनी विचारलं. धंद्याच्या वेळी ते पुस्तकी मराठी बोलत. चिडले की गावाकडे परतत.

"नाही."

"दागिना?"

"नाही जी. आवाज."

"घसा बसलाय तर हळद घ्या. मी डॉक्टर नाही."

मग देवमननी सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी अकोल्यात 'ब्लॅक कॉटन' नावाचा बँड होता. नाव काळ्या मातीवरून. रॉक म्हटलं की तेव्हा लोक विचारत, "म्हंजे रॉकेल काय?" अशा काळात वकार अहमद नावाचा माणूस तिथे लीड गिटार वाजवत होता. 'पऱ्हाटी', '४७ डिग्री लाइव्ह' अशा त्यांच्या कॅसेट निघाल्या. पुढे बँड फुटला. वकारभाईंनी मिळेल ते वाजवलं: कापसाच्या बियाण्याची जाहिरात, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, एका उमेदवाराचं प्रचारगीत. उमेदवार पडला, गिटार गाजली. नंतर त्यांनी वाजवणंच सोडलं. भक्त मूठभर उरले होते, पण मूठ घट्ट होती. या भक्तांनी बारा वर्षं राबून वकारभाईंच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची संपूर्ण सूची तयार केली होती. अमरावतीचं काम देवमन पाहत, अकोल्याचं अब्दुल रहीम. रहीमभाईंचं तिकडे तयार कपड्यांचं दुकान होतं.

"मग आवाज कोणी पळवला? रहीमने?" खुशालरावांनी डोळे बारीक केले.

"रहीमभाईसोबत आपलं बोलनं बंद हाय, पन तो तसा मानूस नाही."

"बोलणं का बंद?"

देवमन जरा अवघडले. "शिंकेवरून."

'पऱ्हाटी'च्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक शिंक ऐकू येते. देवमनचं म्हणणं, ती वकारभाईंची. म्हणजे सूचीतल्या गायनाच्या प्रकरणात तिची वेगळी नोंद हवी. रहीमभाईंचं म्हणणं, ती ड्रमवाल्याची. या शिंकेवरून अमरावती आणि अकोला यांच्यात दोन दिवाळ्या फराळ गेला नव्हता.

"लाव ती कॅसेट," खुशालराव नितेशला म्हणाले.

देवमन कॅसेटवर आडवे झाले. "नाही! ही वाजवत नाही. टेप झिजते. माह्याजवळच्या सगळ्या कॅसेट कोऱ्या हायेत, एकबी वाजवली नाही. ऐकाचं असन तं दुसऱ्याच्या कॅसेटवर ऐकतो."

नितेशने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा स्क्रू काढला.

खरं दुखणं पुढे होतं. पुढच्या आठवड्यात वकारभाईंना साठ वर्षं पूर्ण होणार होती. अकोल्यात हॉल घेतला होता, सूचीचं प्रकाशन ठरलं होतं, छापण्याआधी एक प्रत वकारभाईंना पाठवली होती. त्यावर त्यांचा बोललेला निरोप मोबाइलवर आला. देवमननी तो वाजवला. आवाज खरखरीत होता, पण गोड.

"देवमनभाई, किताब अच्छी बनाई. पर मेरा सबसे अच्छा काम तो इसमें हैच नई. वो बजता है तो कोई घर में नई बैठता. लोग भागके बाहर आते. और कोई खाली हाथ नई आता. तुमने भी सुना है, रोज सुना है. लेकिन तुम लोग सुनते कब? तुम तो गिनते. ढूँढो. मिला तो मैं गिटार लेके आऊँगा. नई मिला, तो केक तुम लोगच काट लेना."

देवमननी फोन खिशात ठेवला. मग कॅसेट पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळली. 

"मोहोड साहेब, आमी त्याइच्यासाठीच केलं ना हे सारं. अन् तेच म्हनतात, तुमी ऐकत नाही."

"निश्चिंत राहा," खुशालराव उठले. "छडा लागला असं समजा. नितेश, लिहून घे. संशयित साठीला आला असून अजूनही छेड काढतो."

"तारा छेडते, भाऊजी. गिटारच्या."

"तेच. आणि कायम तारेत असतो."

नितेशने काहीच लिहून घेतलं नाही.

पहिला तर्क जिना उतरता उतरताच झाला. लोक घराबाहेर येतात, रिकाम्या हाताने येत नाहीत. म्हणजे आहेर! म्हणजे लग्न! वरातीतलं वादन! नितेशने सुचवलं की सरळ वकारभाईंनाच भेटून विचारावं. खुशालराव दुखावले. "साक्षीदाराला सरळ विचारायचं असतं तर गुप्तहेर कशाला हवा? वेषांतर करून जाऊ."

अकोल्याच्या त्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खुशालराव कूलर दुरुस्तीवाले झाले होते. मिशी ओळखू येऊ नये म्हणून तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळला होता, आणि उन्हामुळे अख्ख्या शहरानेच दुपट्टा गुंडाळलेला असल्याने वेषांतर खरंच पक्कं होतं. जुन्या शहरातल्या एका गल्लीत वकारभाईंनी दार उघडलं. उंच, सडपातळ माणूस, पांढरी दाढी, लांब बोटं.

"कूलर बघायला आलो," खुशालराव म्हणाले.

"आओ, आओ," वकारभाई म्हणाले आणि त्यांनी कूलर दाखवला. तो खरोखरच बिघडलेला होता.

खुशालरावांनी कूलरभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. मग त्यांनी एक वायर ओढली. कूलर एकदम सुरू झाला, उलटा फिरला, आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या दुपट्ट्यावर आला. मिशी प्रकट झाली. शेवटी नितेशने बाही वर सारून मोटर उघडली आणि दुपारभर खपून कूलर नीट केला. खुशालराव तोवर चहा पीत धूर्त प्रश्न विचारत होते. "लग्नं फार होतात, नाही का, तुमच्याकडे? आहेर-बिहेर?"

"होती है ना," वकारभाई म्हणाले, आणि त्यांनी कपात आणखी चहा ओतला.

कपाटावर चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. नितेशची नजर तिच्याकडे गेलेली पाहून वकारभाईंनी मान हलवली. "हाँ, वही है."

"वाजवत नाही आता?"

"किसके लिए?" ते साधेपणाने म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती, म्हणून नितेशला ते जास्त लागलं.

निघताना वकारभाई दारापर्यंत आले. "जासूस साहब, देवमनभाई को सलाम बोलना."

खुशालराव थबकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"असली कूलरवाला बुलाने पे भी नई आता. तुम बिना बुलाए आए."

तरी लग्नाचा तर्क त्यांनी सोडला नाही. अकोल्यातल्या एका व्हिडिओवाल्याकडे बसून दोघांनी जुन्या लग्नांच्या कॅसेट पाहिल्या. गिटार कुठेच नव्हती. मुली सासरी निघाल्या की खुशालराव मात्र प्रत्येक वेळी रडत होते. परतीच्या गाडीत त्यांचे डोळे सुजले होते आणि ते म्हणत होते की हा पाळतीचा ताण.

दुसरा तर्क नारळाचा. "खाली हात नाही, म्हणजे हातात नारळ! कौंडण्यपूरची जत्रा! भक्तिगीत!" दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून ते दोघं कौंडण्यपूरला पोचले. जत्रा कार्तिकात असते, हे तिथे गेल्यावर कळलं. देवळापाशी सावलीत एक नारळवाली बसली होती. खुशालरावांनी तिला करड्या आवाजात विचारलं, "इथे गिटार ऐकलीत का कधी?" ती म्हणाली, "नारळ घेता का?" त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा विचारलं. चौकशीच्या अखेरीस त्यांच्याकडे पाच नारळ होते आणि तिच्याकडे कोणतीही माहिती नव्हती. खुशालराव तिच्या चिकाटीवर खूष झाले. "अशी बाई आपल्या खात्यात पाहिजे."

तिसरा तर्क मात्र असा काही निघाला की क्षणभर नितेशलाही तो खरा वाटला.

"रोज," खुशालराव हळू आवाजात म्हणाले. "आपण 'रोज' विसरलो. रोज कुठे माणसं धावत बाहेर येतात? कारखान्यात! भोंगा झाला की! आणि हातात काय असतं? डबा!"

नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने. पाळी सुटायच्या आधीच ते फाटकापाशी पोचले. देवमननाही बोलावून घेतलं होतं. "मी आता मागावर आहे," खुशालराव म्हणाले.

"माग आत हायेत भाऊजी, तुमी फाटकावर आहा."

"नितेश, ऐतिहासिक क्षणी कोट्या करू नकोस."

देवमन कारखान्याकडे तोंड करून, मान थोडी तिरकी करून उभे होते. शर्टाला इस्त्री होती, खिशात रेकॉर्डर होता. कपाळावरून घाम ओघळत होता, तोही पुसत नव्हते, पुसण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा.

भोंगा झाला.

भोंगाच होता तो. म्हैस विहिरीत पडावी तसा. फाटक उघडलं, कामगार डबे हलवत बाहेर आले. खुशालराव मात्र डोळे मिटून डोलत होते. "ऐका! ऐका ती वेदना! काय तार ओढलीय! सलाम आहे!"

 देवमननी रेकॉर्डर बंद केला. "मोहोड साहेब, हा भोंगा हाय."

"वरवर."

"आतूनबी भोंगाच हाय." त्यांचा आवाज खाली गेला. "आमच्याच्यानं होत नाही आता. मी हॉलवाल्याले सांगतो कार्यक्रम रद्द म्हनून. ज्याच्यासाठी करायचं तोच येनार नाही, तर कोनासाठी करायचं?"

ते उन्हातून एकटेच बसथांब्याकडे चालत गेले. पिशवी छातीशी धरली होती, पण आज ती नुसती पिशवीच वाटत होती. नितेशने भाऊजींकडे पाहिलं. खुशालराव मिशीला पीळ द्यायचं विसरले होते. "नितेश," ते म्हणाले, आणि पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली, "मले कायबी येत नाही का रे खरंच?"

असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.  "कूलरवाले तुमी चांगले दिसत होते," नितेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांच्या घरी निरवानिरवीची बैठक बसली. अकोल्याहून पहिल्या गाडीने अब्दुल रहीम आले होते. गोल चेहऱ्याचे, गोल टोपीचे, गळ्यात मापाचा टेप टाकूनच घराबाहेर पडलेले. शिंकेनंतर ते आणि देवमन पहिल्यांदाच एका खोलीत होते. दोघंही एकमेकांशी न बोलता नितेशशी बोलत होते.

"यांना विचार, हॉलवाल्याला कोण सांगणार?" रहीमभाई नितेशला म्हणाले.

"त्याइले सांग, मी सांगतो," देवमन नितेशला म्हणाले.

"शेवटचं एकदा ऐकू," खुशालराव पडेल आवाजात म्हणाले. देवमननी निरोप लावला. 'लोग भागके बाहर आते. और कोई खाली हाथ नई आता...'

बेबीताई शाळेच्या घाईत होती. केसांत पिना, खांद्याला पर्स, दोन्ही हातांत दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी. ती स्वयंपाकघरातून बाहेर येता येता थांबली.

"कोन म्हनते हे? कचऱ्याच्या गाडीचं सांगून राहिला काय?"

 खुशालराव कनवाळूपणे हसले. "बेबी, हे रॉक संगीताचं प्रकरण आहे. तुझं गणित वेगळं."

"आवो, रोज सकाळी थे गाडी येते. लोकं घरातून धावतात. कोनी खाली हातानं जाते काय? कचराच नाही तर कायले जाईन?" ती बादल्या उचलत म्हणाली. "थे पोरं गातात ना, 'हिरव्यात ओला, निळ्यात सुका, ताई-दादा, नका हो चुका.' अन् मंधात थे वाजते. ट्यँव, ट्यँव, ट्याँऽऽ..."

तिने तो शेवटचा सूर वर नेला, आणखी वर नेला, आणि नेमका पोचायच्या केसभर आधी अडवून धरला. बेबीताई गाणारी बाई नव्हती. पण ती रोज ऐकत होती.

देवमन उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. वकारभाईंची खूण होती ती. तार ओढायची, सुराला उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि आत सोडायचं नाही, ऐकणाऱ्याचा जीव तिथेच दारात लटकत ठेवायचा. सूचीत या खुणेवर अख्खं पान होतं.

"रहीमभाई," देवमन थेट म्हणाले.

"देवमनभाऊ," रहीमभाई थेट म्हणाले, "तुमच्या गल्लीत येते का?"

"येते ना!"

"माझ्याबी येते! मी टोपली घेऊन रोज पळतो!"

"गाडी आत्ताच गेली ना कोपऱ्यावरून, ह्या बैठकीपायी माह्या बादल्या राह्यल्या," बेबीताई म्हणाली, आणि तिने दोन्ही बादल्या नवऱ्याच्या हातात कोंबल्या. "जाताच आहा तर हे टाकून या."

आणि मग विदर्भातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर हातात हिरवी आणि निळी बादली घेऊन, लुंगीवर, राजापेठेतून धावत सुटला. मागे पोस्टमास्तर, त्यांच्या मागे गळ्यातला टेप उडवत रहीमभाई, आणि सर्वांत मागे चप्पल शोधण्यात वेळ गेलेला नितेश. पहिल्या गल्लीत गाडी नव्हती. दुसऱ्या गल्लीत वास होता, गाडी नव्हती. "वास ताजा आहे!" खुशालराव ओरडले, आणि हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिला बरोबर निघालेला तर्क होता. तिसऱ्या गल्लीत ती दिसली. भोंग्यातून पोरं बेसूर गात होती, आजूबाजूला बाया बादल्या उपडत होत्या. चौघं गाडीला चारी बाजूंनी भिडले.

चालकाने घाबरून आवाज बंद केला. "करतो साहेब बंद, करतो! मले म्हाईत हाय, लय मोठा होते."

"लाव!" देवमन किंचाळले. "लाव बाप्पा, लाव! अजून मोठा कर!"

चालकाने आयुष्यात ही मागणी ऐकली नव्हती. त्याने भीतभीत बटण दाबलं. पोरांचं एक कडवं झालं, आणि मधे, भाजीची देठं, चहापत्ती आणि कोणाच्या तरी कालच्या फोडणीच्या वासात, गिटार उठली. थोडीशीच. वर चढली, उंबऱ्यावर थांबली, लटकली, आणि पुढे पोरं गायला लागली.

देवमननी डोळे मिटले होते. कचऱ्याच्या गाडीला हात लावून ते उभे होते. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "पुन्हा," ते म्हणाले. चालकाने पुन्हा लावलं. मग पुन्हा. रहीमभाईंनी देवमनच्या खांद्यावर हात टाकला, आणि तो काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

"आवो, बाजूले व्हा ना, मले कचरा टाकाचा हाय," एक बाई म्हणाली.

"टाका ताई, टाका," देवमन म्हणाले. "पन हळू टाका."

त्याच दुपारी चौघं अकोल्यात वकारभाईंच्या दारात होते. बेबीताईने शाळेतून नितेशला फोन केला होता: तुह्या भाऊजीले बोलू देऊ नको. पण खुशालराव बोललेच. "वकारसाहेब, अखेर माझ्या जाळ्यात..." तेवढ्यात देवमननी, बेसूर, चुकत, हात वर नेत तो सूर गाऊन दाखवला आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबवला.

वकारभाई हसायला लागले. हसता हसता खालीच बसले. कूलर सुरू होता, गार वारा येत होता.

"कीबोर्डवाला शादी में गया था," ते म्हणाले. "ठेकेदार का फोन आया, भाई, बच्चों का गाना है, बीच में थोडी जगह खाली है, भर दो. मैंने भर दी. भूल गया. फिर एक दिन गली में खडा दाँत माँज रहा था, और गाडी आई. और सब दौडे! औरतें, बुढ्ढे, बच्चे. एक तो साबुन लगा हुआ निकला. मेरी गिटार पे! जिंदगीभर स्टेज पे बजाया, लोग बीच में समोसा खाने गए तो वापस नई आए. और यहाँ पूरी गली भागके आ रही. मैं मंजन थूकना भूल गया. मैंने बोला, वकार, आज तू रॉकस्टार हुआ."

"मग सांगितलं का नाही?" रहीमभाईंनी विचारलं.

"क्या सांगता? कचरे की गाडी में हूँ?" ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "सोचा, कोई तो पहचानेगा. सात साल हुए, रोज गाडी के पीछे खडा रहता, लोगों के मुँह देखता. किसी ने मुंडी नई उठाई. पहचाना किसने?"

सगळे खुशालरावांकडे पाहू लागले. खुशालरावांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि नितेशच्या आश्चर्याला पारावार उरला नाही. "माझ्या बायकोने," ते म्हणाले. मग लगेच: "माझ्या देखरेखीखाली."

देवमन आणि रहीमभाईंनी एकदमच तोंड उघडलं. "अन् ती शिंक..."

"कौनसी शिंक?" वकारभाई म्हणाले. त्यांना काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय सोडला.

वाढदिवसाला हॉल भरला. वकारभाईंच्या गल्लीतले लोक झाडून आले होते. बेबीताईने शाळेतल्या सगळ्या बाया आणल्या होत्या, आणि वकारभाईंनी तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं. सूचीचं प्रकाशन झालं, नव्या नोंदीसह. मग वकारभाई गिटार घेऊन आले. चादरीची घडी खुर्चीवर ठेवली. बोटं थोडा वेळ नुसतीच तारांवर फिरली. आणि त्यांनी पहिल्यांदा तेच वाजवलं, गाडीतलं.

ट्यँव, ट्यँव, ट्याँऽऽ...

हॉलमधल्या अर्ध्या बाया ताडकन उठून उभ्या राहिल्या. एक तर दारापर्यंत गेली. मग त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि असा काही हशा पिकला की वकारभाईंना तार धरवेना. हसत हसतच त्यांनी सूर पुन्हा ओढला, यावेळी उंबऱ्यावर न थांबवता थेट आत नेला, आणि मग ते सुटले ते सुटलेच. कोणी समोसा खायला गेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर रहीमभाईंनी घाम पुसत विचारलं, "देवमनभाऊ, रेकॉर्ड केलं ना?"

देवमननी खिशातून रेकॉर्डर काढला. बंद होता. "मी ऐकत होतो," ते म्हणाले. "तुमी?"

"मीपन."

दोघंही पांढरे पडले. एवढी मोठी मैफल आणि एकही ध्वनिमुद्रण नाही! तेव्हा मागून खुशालराव खाकरले. त्यांनी सगळं रेकॉर्ड केलं होतं. फोन शर्टाच्या खिशात, तोंडाजवळ होता. दुसऱ्या दिवशी नितेशच्या दुकानात सगळ्यांनी मिळून ते ऐकलं. मागे लांबवर गिटार होती, अप्रतिम. पुढे सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुशालरावांचा आवाज शेजारच्या माणसाला सांगत होता की भोंग्यापासून त्यांना संशय कसा आला, नारळवाली काय म्हणाली, आणि विदर्भात गुन्हे का कमी होतात.

पण मुद्रण ते मुद्रण. सूचीत नोंद करणं भाग होतं. बैठक बसली. खुशालरावांची एकच विनंती होती, आपल्या नावापुढे 'निवेदन' लिहावं. मतदान झालं. अमरावती आणि अकोला यांचं त्या सूचीच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं, आणि पुढच्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर छापून आलं:

वाढदिवसाची मैफल, अकोला. गिटार: वकार अहमद. बडबड: खुशालराव मोहोड.

खुशालरावांनी त्या पानाची रंगीत प्रत काढून गिरणीच्या वरच्या खोलीत लावली. आता कोणी काम घेऊन जिना चढून आलं, की ते आधी त्या प्रतीकडे बोट दाखवतात, मिशीला पीळ देतात आणि म्हणतात, "बसा. तसा मी मूळचा रॉकमधला."